धूळ, आवाज आणि कार्बोरेटरचे उघडे तोंड

मोटारीच्या आवाजाविरुद्धचा लढा प्रथम गाडीच्या मागच्या टोकाला सुरू झाला. जळालेले वायू बाहेर सोडणाऱ्या नळीवर बसवण्याच्या सायलेन्सरचे पेटंट अमेरिकेतील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्येच मिळवले होते. परंतु इंजिन ज्या वाटेने हवा आत ओढते ते कार्बोरेटरचे, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाचे, तोंड त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे बहुतेक गाड्यांत उघडेच राहिले. १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी विकल्या गेलेल्या फोर्डच्या मॉडेल टी या गाडीलाही कारखान्यातून एअर फिल्टर मिळत नसे.

हे तोंड झाकण्याची निकड प्रथम भासली ती शेतात. एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिनाला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, आणि नांगरटीच्या धुराळ्यात चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये या हवेबरोबर जाणारी माती वंगणात मिसळून सिलिंडरच्या भिंती व पिस्टनच्या रिंगा अक्षरशः घासून काढत असे. ट्रॅक्टर विकण्याच्या व्यवसायात असलेल्या फ्रँक डोनाल्डसन यांनी १९१५ मध्ये मिनेसोटात यावर उपाय म्हणून हवा गाळणारे साधन तयार केले आणि त्यातूनच त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. रस्त्यावरच्या मोटारीला हे शहाणपण उशिरा सुचले. १९२४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या क्रायस्लर गाडीवर एअर फिल्टर मुळातच बसवलेला होता, आणि त्या काळी ही जाहिरातीत मिरवावी अशी गोष्ट होती.

धुळीसाठी आलेले हे साधन आवाजाच्या कामी कसे आले, हे समजण्यासाठी आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या आवाजाचे स्वरूप पाहावे लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा ओढतो. त्यामुळे मिनिटाला दीड हजार फेऱ्या घेणारे चार सिलिंडरांचे इंजिन सेकंदाला पन्नास वेळा हवेला हिसका देते, आणि हे हिसके उघड्या तोंडातून घुमणाऱ्या गुरगुराटाच्या रूपाने बाहेर पडतात. त्यातच थ्रॉटलच्या, म्हणजे हवेचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या पडद्याच्या, कडेवरून वेगाने जाणाऱ्या हवेचा बारीक सुस्कारा मिसळतो. सुस्कारा फेल्ट किंवा लोकर यांत जिरतो. गुरगुराट मात्र जिरत नाही, कारण पन्नास कंपनांच्या ध्वनीची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते आणि दोन-चार सेंटिमीटर जाडीच्या थराला ती जुमानत नाही. तिच्यासाठी लागते ती पोकळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की तिच्यातली हवा एका ठरावीक सुरात घुमते. त्याच न्यायाने विशिष्ट आकारमानाचा डबा अरुंद गळ्याने हवेच्या वाटेला जोडला, तर त्याच सुराचा आवाज त्या डब्याशी अडून राहतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा पोकळ्यांचा अभ्यास केला होता, तो सुरांच्या पृथक्करणासाठी. मोटार त्यांच्या कल्पनेतही नव्हती.

या ज्ञानाला गिऱ्हाईक मिळाले ते १९३० च्या सुमारास, आणि त्यामागे एकाहून अधिक कारणे होती. १९२० च्या दशकात उघड्या गाड्यांची जागा बंद गाड्यांनी घेतली आणि पत्र्याच्या पेटीत बसलेल्या माणसाला पूर्वी वाऱ्यावर उडून जाणारा घुमारा कानाशी ऐकू येऊ लागला. गिअरचा खडखडाट आणि एक्झॉस्टचा धडधडाट कमी झाल्यावर उरलेला आवाज ठळकपणे जाणवू लागला. शिवाय तोवर इंजिनाच्या बाजूला खालच्या अंगाला असलेला, मिश्रण खालून वर पाठवणारा कार्बोरेटर जाऊन वरून खाली मिश्रण सोडणारा कार्बोरेटर आला. त्याचे तोंड थेट बॉनेटखाली, बसणाऱ्यांच्या अधिक जवळ आले, पण इंजिनाच्या माथ्यावर एखादा मोठा डबा बसवण्यास जागाही झाली. जनरल मोटर्सच्या एसी विभागासारख्या उत्पादकांनी गाळणी आणि सायलेन्सर एकाच गोल डब्यात घातले. धुळीने होणारी झीज गाडी विकत घेताना दिसत नाही, आवाज मात्र पहिल्याच फेरीत ऐकू येतो. त्यामुळे इंजिनाचे आयुष्य वाढवणाऱ्या या साधनाचा प्रसार शांततेच्या मोहाने अधिक झाला असे म्हणण्यास जागा आहे. रोल्स-रॉईसने बेंटली कंपनी ताब्यात घेतल्यानंतर १९३३ मध्ये आणलेली साडेतीन लिटरची बेंटली ‘आवाज न करणारी स्पोर्ट्‌स कार’ म्हणून विकली गेली, आणि तिच्या एसयू बनावटीच्या दोन कार्बोरेटरांवरचा सायलेन्सर हा त्या दाव्याचा एक आधार होता.

भारतात, मुंबईच्या शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला, तो या बदलाच्या ऐन उंबरठ्यावर. पुढे महिंद्र कंपनीने जोडलेल्या विलीज जीपमुळे गावोगावच्या गॅरेजांना ऑइल बाथ एअर क्लीनर परिचित झाला. यात हवा तळाशी भरलेल्या तेलावर आपटून एकदम वळते, जड धूळ तेलात राहते आणि उरलेली तेलाने भिजलेल्या जाळीत अडकते. जाळी रॉकेलने धुवायची आणि तेल बदलायचे, एवढीच त्याची देखभाल.

विंटेज गाडी, म्हणजे ब्रिटिश संकेतानुसार १९१९ ते १९३० या काळातली गाडी, आज चालवणाऱ्यास याच इतिहासामुळे अडचण येते, कारण त्या इंजिनांची रचनाच उघडे तोंड गृहीत धरून झालेली असते. गाळणीने हवेला अडथळा केला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, म्हणून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, किंवा एसयू कार्बोरेटरची सुई बदलून ते पुन्हा बेताचे करावे लागते. खालून वर मिश्रण पाठवणाऱ्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकते. ते डब्यात साचल्यास कार्बोरेटरमधून उलटा भडका येताच आग लागू शकते, आणि म्हणून डब्याच्या तळाला भोक ठेवणे व कागदी गाळणीऐवजी ज्वाला अडवणारी धातूची बारीक जाळी वापरणे हेच सुरक्षित होय. बाजारात मिळणारी शंकूच्या आकाराची उघडी गाळणी धूळ अडवते, पण तिच्यात पोकळी नसल्याने गुरगुराट जवळजवळ तसाच राहतो. आवाज कमी करण्याचा हेतू असेल तर १९३० च्या दशकातल्या धाटणीचा, पुरेशा आकारमानाचा बंद डबा बॉनेटखाली मावतो की नाही, हे आधी मोजून पाहावे.