छायाचित्राची पाठ

छायाचित्रण व्यवसायाचा इतिहास बहुधा कॅमेरा, भिंग आणि रसायने यांच्या क्रमाने सांगितला जातो. छायाचित्रकाराने आपले नाव, पत्ता आणि लौकिक गिऱ्हाइकापर्यंत कसा पोहोचवला, याकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेले आहे. आज ज्याला छायाचित्रकाराचे संकेतस्थळ म्हणतात, म्हणजे जिथे निवडक कामाचे दालन, कामाचे स्वरूप, दरांची कल्पना आणि संपर्काची सोय एकत्र मांडलेली असते, त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती संगणकापाशी थांबत नाही. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रे ज्या तळहाताएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवली जात, त्यांच्या मागल्या बाजूपर्यंत ती जाऊन पोहोचते.

छायाचित्राला पाठ मिळाली ती एका तांत्रिक अडचणीतून. १८५०पासून प्रचारात आलेली अल्ब्युमिन प्रत म्हणजे अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर चांदीच्या क्षाराचा थर चढवून, तो काचेच्या निगेटिव्हखाली उन्हात ठेवून उमटवलेली प्रत. हा कागद इतका पातळ असे की वाळताच त्याची सुरळी होई, आणि म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवणे भाग होते. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी या छायाचित्रकाराने २७ नोव्हेंबर १८५४ रोजी ‘कार्ट द व्हिजिट’चे, म्हणजे भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्राचे, पेटंट घेतले. अनेक भिंगे लावलेल्या कॅमेऱ्यातून एकाच काचेवर आठ प्रतिमा घेण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे प्रतीचा खर्च एकदम खाली आला, आणि सुमारे अडीच इंच रुंद व चार इंच उंच असे हे कार्ड जगभर पसरले. ते आप्तेष्टांना वाटले जाई, टपालाने जाई, अल्बममध्ये खोचले जाई. आणि ते जिथे जिथे जाई तिथे तिथे त्याच्या पाठीवर छापलेले स्टुडिओचे नावही जाई. १८६०च्या दशकाच्या मध्यात सुमारे सव्वाचार इंच बाय साडेसहा इंचांचे ‘कॅबिनेट’ कार्ड आले, तेव्हा या पाठीला मोठे अंगण मिळाले आणि वेलबुट्टीची अक्षरे, प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांच्या प्रतिमा, आश्रयदात्यांची नावे यांची तिथे दाटी होऊ लागली.

त्या मजकुरात एक ओळ वारंवार आढळते: निगेटिव्ह जपून ठेवल्या आहेत, प्रती केव्हाही मिळतील. व्यवसायाच्या दृष्टीने ही ओळ पदकांपेक्षाही मोलाची होती, कारण तिच्यामुळे एकदा आलेले गिऱ्हाईक कायमचे स्टुडिओशी बांधले जाई. कार्ड हाती घेणाऱ्याला चित्र पाहताना कामाचा दर्जा कळे, आणि कार्ड उलटताच ते काम कोणी केले, तो कुठे भेटेल आणि त्याच्याकडून आणखी काय मिळेल, हे कळे. काम आणि कामाचा कर्ता एकाच वस्तूच्या दोन बाजू असण्याची ही सोय इतर फार थोड्या धंद्यांना लाभली असेल.

मुंबईत हा व्यवसाय उभा राहिला तो हौशी मंडळींच्या छायेत. १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेमध्ये लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर अशा लोकांचा भरणा होता, आणि त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तो फार वर्षे टिकला नाही, परंतु त्यातून शिकून बाहेर पडलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी रॅम्पार्ट रो येथे स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि मुंबईच्या आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत स्थान मिळवले. हौशी मनुष्य आपल्या प्रती सोसायटीच्या बैठकीत मांडू शके, तिथे त्याची ओळख आधीच झालेली असे. पैसे घेऊन काम करणाऱ्याला मात्र अनोळखी माणसाचा विश्वास मिळवायचा होता. ‘व्यावसायिक दिसणे’ हा प्रश्न अशा रीतीने व्यवसायाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे, आणि कोटाच्या तटालगतचा, युरोपीय वस्तीच्या वाटेवरचा पत्ता हे त्याचे पहिले उत्तर होते. आजही संकेतस्थळाच्या नावाला ‘पत्ता’ म्हणतात, हा केवळ शब्दांचा योगायोग मानण्याचे कारण नाही.

लाला दीनदयाळ यांच्या काळापर्यंत या उत्तराला राजमान्यतेची जोड मिळाली होती. हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला, १८९६मध्ये त्यांनी मुंबईत भव्य स्टुडिओ उघडला आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. अशा नेमणुकीचा मान कार्डावर आणि पाटीवर मिरवणे हा त्या काळचा सर्वमान्य प्रघात होता. आजच्या संकेतस्थळांवर ‘आमचे ग्राहक’ या मथळ्याखाली ज्या बोधचिन्हांची रांग दिसते, तिचे मूळ या प्रघातात आहे.

विश्वास न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्रात सापडते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी, १८९०च्या दशकात, त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गमावल्यावर ते गाव त्यांनी सोडले. पुढे बडोद्यात त्यांनी पुन्हा हा धंदा मांडला तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो आणि त्याने मरण ओढवते, अशी वदंता पसरली व धंदा बसला. फाळक्यांच्या हातची कला त्या अफवेपुढे निरुपयोगी ठरली, कारण गिऱ्हाईक उंबऱ्याशीच अडले होते. त्यानंतर ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. स्टुडिओतील रंगवलेला पडदा आणि रंगभूमीवरील पडदा ही सख्खी भावंडे होत. महिरप, जिना, कठडा, दूरवरचे तळे अशा त्याच त्या देखाव्यांपुढे एकीकडे नट उभा राही आणि दुसरीकडे नवी पगडी घातलेला कुटुंबकर्ता.

विसाव्या शतकात जिलेटिनचा लेप असलेले जाड कागद रूढ झाले, प्रत स्वतःच्या बळावर सपाट राहू लागली आणि पुठ्ठ्याची गरज उरली नाही. त्याबरोबर छापील पाठ गेली. तिची जागा जांभळ्या शाईच्या रबरी शिक्क्याने किंवा कडेच्या कोपऱ्यात दाबलेल्या उठावाच्या नावाने घेतली. महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही जपलेला लग्नाचा जुना अल्बम उघडला तर ही साखळी डोळ्यांनी पाहता येते: काळ्या जाड कागदाची पाने, छायाचित्राचे चारही कोन पकडणारे चिमुकले कागदी कोपरे, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पारदर्शक कागद, आणि कोपऱ्यातून प्रत हलकेच सोडवून उलटी केली की स्टुडिओचे नाव, गावाचे नाव, क्वचित पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा क्रमांक. त्या क्रमांकावरून आजोबांच्या पश्चात त्यांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावण्यासाठी नवी प्रत काढून आणणारी पिढी अजून हयात आहे.

याच काळात तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेल्या स्टुडिओंनी शोकेस नावाची संस्था निर्माण केली. बाजारपेठेच्या रस्त्याकडे तोंड केलेल्या काचेच्या कपाटात पाटावर बसवलेले बाळ, मुंडावळ्या बांधलेली वधू, पदवीचा झगा घातलेला तरुण आणि गावातील एखादा मान्यवर अशी मोजकीच चित्रे मांडलेली असत. येणारे-जाणारे तिथे थांबत ते ओळखीचा चेहरा दिसतो का हे पाहण्यासाठी, आणि जाणता स्टुडिओचालक दर लग्नसराईनंतर ही चित्रे बदलून हे कुतूहल जागे ठेवी. निवड, क्रम आणि ताजेपणा या तीन गोष्टी शोकेसने या व्यवसायाला शिकवल्या, आणि संकेतस्थळाच्या रचनेविषयी आज जे काही सांगितले जाते त्यातील बराच भाग या तिन्हींपलीकडे जात नाही. शोकेसमध्ये दुसऱ्याच्या मुलीचे छायाचित्र लावण्याचा प्रश्न नाजूकही होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, वेगळा करार नसल्यास, काम सांगणारी व्यक्ती ठरते; त्यामुळे घरच्या मंडळींची संमती ही नुसत्या सौजन्याची बाब राहत नाही. वधूचा फोटो संकेतस्थळावर लावतानाही हीच तरतूद लक्षात घ्यावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी ती घेतली जात नाही.

संगणकाच्या जाळ्यावर छायाचित्र आले ते पाहुण्यासारखे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत उभारलेले जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ साली खुले झाले तेव्हा ते केवळ अक्षरांचे होते. १९९२मध्ये जेपीईजी हे प्रमाण ठरले. डोळ्याला सहज जाणवणार नाही असा तपशील गाळून प्रतिमेचा आकार लहान करण्याची ही पद्धत आहे. १९९३मध्ये आलेल्या मोझॅक या न्याहाळकाने, म्हणजे संकेतस्थळे दाखवणाऱ्या आज्ञावलीने, मजकुराच्या ओळीतच चित्र दाखवण्याची सोय लोकप्रिय केली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, ते टेलिफोनच्या तारेवरून. सेकंदाला २८.८ किलोबिट वाहून नेणाऱ्या मोडेमवर १०० किलोबाइटची प्रतिमा उतरायला जवळपास अर्धा मिनिट लागे, आणि तेवढा वेळ चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उलगडत राही: आधी मांडवाचे छत, मग फेटा, मग कपाळ. अनेक पडदे एका वेळी २५६ रंगच दाखवू शकत. छटांच्या सूक्ष्म चढउतारावर ज्याची कीर्ती अवलंबून असते त्या कारागिराला आपले काम अशा झरोक्यातून दाखवावे लागणे ही मोठीच कुचंबणा होती, आणि टपाल तिकिटाएवढ्या लघुप्रतिमांची चौकट मांडून हवे ते चित्र उघडण्याची मुभा देण्याची रचना या कुचंबणेतून जन्माला आली.

वेग वाढल्यावर काही काळ रचना वाट चुकली, असे म्हणावे लागते. १९९६पासून उपलब्ध झालेल्या फ्लॅश या तंत्रामुळे हलती चित्रे, पार्श्वसंगीत आणि पूर्ण पडदा व्यापणारी दालने शक्य झाली, शिवाय त्यातील चित्र सहजासहजी उतरवून घेता येत नसे, म्हणून छायाचित्रकारांना ते विशेष जवळचे वाटले. परंतु पाहणाऱ्याला आधी प्रवेशाचा देखावा संपेपर्यंत ताटकळावे लागे, फ्लॅशमधील मजकूर शोधयंत्रांना नीट वाचता येत नसे, आणि त्यामुळे दारावर पाटी नसलेल्या दुकानासारखी या संकेतस्थळांची स्थिती होई. २००७मध्ये आलेल्या आयफोनने फ्लॅश स्वीकारलाच नाही. २०२०च्या अखेरीस त्याचा आधार अधिकृतपणे थांबला. दरम्यान, मे २०१०मध्ये ईथन मार्कोट यांनी ‘प्रतिसादी रचना’ ही कल्पना मांडली होती. एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलते आणि लहान पडद्यावर स्तंभ एकाखाली एक येतात, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. भारतात २०१६नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाल्यावर तिचे महत्त्व पूर्णपणे कळून आले, कारण इथले बहुसंख्य गिऱ्हाईक छायाचित्रकाराचे काम प्रथम तळहातावरच पाहते. कार्ट द व्हिजिटच्या आकाराशी त्या पडद्याचे साम्य लक्षणीय आहे.

रंगांचा प्रश्न तरीही उरला. १९९६ साली हेवलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे रंगप्रमाण ठरवले. निरनिराळ्या पडद्यांनी एकच रंग शक्य तितका सारखा दाखवावा यासाठी तो केलेला करार होय. अधिक विस्तृत रंगप्रमाणात तयार केलेली प्रतिमा या प्रमाणात न बदलता संकेतस्थळावर चढवली, तर शालूचा कुंकवासारखा लाल रंग मळकट दिसू शकतो, आणि पाहणारा त्याचा दोष साहजिकच छायाचित्रकाराच्या हाताला देतो.

पाठीच्या इतिहासातील सर्वांत मोठा खंड मात्र समाजमाध्यमांनी पाडला. २००४मध्ये फ्लिकर आणि २०१०मध्ये इन्स्टाग्राम आल्यावर छायाचित्र पूर्वी कधी नव्हे इतके दूर जाऊ लागले, पण जाताना कर्त्याचे नाव बरोबर नेईनासे झाले. प्रतिमेच्या फाइलमध्ये कर्त्याचे नाव आणि हक्कांची माहिती लिहिण्याच्या जागा असतात, परंतु चित्र अशा माध्यमांवर चढवताना ती माहिती अनेकदा गळून पडते. चित्रावर उमटवलेले जलचिन्ह कापून टाकता येते, आणि मोठे केले तर ते चित्रच बिघडवते. पडद्यावरील चित्राला उलटून पाहता येत नाही, ही या काळातील छायाचित्रकाराची खरी हानी आहे आणि संकेतस्थळाचे मोल या हानीच्या संदर्भातच समजते. ते चित्रांचे भांडार होण्यासाठी लागत नाही, भांडारे पुष्कळ आहेत. हरवलेली पाठ परत मिळवून देणे हे त्याचे काम आहे. म्हणून नाव, गाव, कामाचा प्रकार आणि संपर्क या चार गोष्टी पहिल्याच पानावर, वाचता येतील अशा अक्षरांत आणि इथल्या गिऱ्हाइकासाठी मराठीतही असणे हे दालनातील चित्रांइतकेच महत्त्वाचे ठरते. ऑगस्ट २०१४पासून देवनागरीत ‘.भारत’ हे क्षेत्रनाम उपलब्ध असूनही मराठी छायाचित्रकारांच्या पाट्या अजून बहुतांशी रोमन लिपीतच आहेत, ही खेदाची गोष्ट होय.

निगेटिव्ह जपून ठेवण्याच्या जुन्या वचनाचेही रूप बदलले आहे. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२८ साली सुरू झालेल्या हॅमिल्टन स्टुडिओसारख्या ठिकाणी जुन्या निगेटिव्ह पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्या. आता पुष्कळ करारांत मूळ फाइली किती महिने ठेवल्या जातील हे लिहिलेले असते आणि गिऱ्हाइकाला संकेतस्थळावरील खासगी दालनाचा परवलीचा शब्द दिला जातो. तो शब्द कागदाच्या चिठ्ठीवर हरवतो, म्हणून काही छायाचित्रकार लग्नाच्या छापील अल्बमच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूने, स्टुडिओच्या नावाखाली एक क्यूआर कोड छापून देऊ लागले आहेत.