सातारा व सांगली येथील ऐतिहासिक वास्तूंतील नवी भर : एक अभ्यास

प्रस्तावना

ऐतिहासिक वास्तूत भर घालण्याची प्रथा नवी नाही. कुटुंब वा कारभार वाढला की मराठी वाड्याला नवा चौक, सोपा किंवा माडी जोडली जात असे. खरा प्रश्न आहे तो भर कशी घालावी आणि पूर्वीची कोणती भर इतिहासाचा भाग मानावी, हा. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली येथील संस्थानकालीन वास्तूंच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

साताऱ्याचे दोन राजवाडे

जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये बांधला. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या काळात, १८४४ मध्ये, शेजारचा नवा राजवाडा पूर्ण झाला. नवी वास्तू जुनीवर न चढता तिच्या बाजूला उभी राहिली. त्यामुळे दोन्ही कालखंड वेगवेगळे वाचता येतात.

आप्पासाहेबांच्या निधनानंतर १८४८ मध्ये संस्थान खालसा झाले. पुढे नव्या राजवाड्यात न्यायालये आली, तर जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल, म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल, भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा प्रवेश याच शाळेत झाला. मूळ राजवैभव पुनःस्थापित करण्यासाठी शाळेच्या खुणा पुसल्या, तर वास्तू 'शुद्ध' दिसेल. पण तिच्या इतिहासातील एक मोलाचा अध्याय नाहीसा होईल. वास्तूवरील सर्व कालखंडांच्या रास्त योगदानाचा आदर करावा, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेचे तत्त्व येथे नेमके लागू पडते.

सांगलीचा अनुभव

मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी सांगलीस राजधानी केली. गणेशदुर्ग आणि १८४४ मध्ये पूर्ण झालेले गणपती पंचायतन ही त्या काळाची साक्ष होय. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास 'सांगली' हे नाव मिळाले. संस्थानी वास्तूंवर प्रशासनाच्या गरजांचा भार पडला तो याच काळात.

येथे भरीचा प्रश्न कृष्णेच्या पुराशीही निगडित आहे. २००५ व २०१९ मध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. चुन्यात बांधलेली भिंत शोषलेला ओलावा हळूहळू बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगड-विटा झिजू लागतात. म्हणजेच डागडुजी म्हणून केलेली भरही हानिकारक ठरू शकते.

कायद्याची मर्यादा

केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित घोषित झालेल्या स्मारकांपुरताच आहे. यादीबाहेरच्या वापरातील वाड्यांना त्याचे कवच लाभत नाही. तेथे निर्णय वापरणाऱ्या संस्थेच्या विवेकावर अवलंबून राहतो.

निष्कर्ष

वाड्याचा प्राण त्याच्या मोकळ्या चौकात असतो; प्रकाश, वारा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा चौकच सांभाळतो. म्हणून चौकावर पत्रे वा स्लॅब न टाकता नव्या खोल्या मागील बाजूस, मूळ वास्तूपेक्षा कमी उंचीच्या आणि पुढे काढून टाकता येतील अशा असाव्यात. भर मूळ वास्तूशी सुसंगत असावी, मात्र तिची नक्कल नसावी. वापर थांबला की वाडा ढासळतो आणि अविचारी वापराने तो विद्रूप होतो. या दोहोंतून वाट काढणे हेच संवर्धन होय.