व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल

व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल (संक्षिप्त रूप: व्हीआरआरपी) हा संगणकीय जाळ्यातील एक नियमसंच आहे. त्याद्वारे दोन किंवा अधिक राउटर, अथवा राउटिंग करू शकणारे स्विच, मिळून एकच आभासी राउटर म्हणून काम करतात. स्थानिक जाळ्यातील प्रत्येक संगणकाला बाहेरच्या जाळ्याकडे जाण्यासाठी एका गेटवेचा आयपी पत्ता दिलेला असतो. तो गेटवे बंद पडल्यास संगणक व केबल सुस्थितीत असूनही सर्वांचा बाह्य संपर्क तुटतो. व्हीआरआरपीमध्ये हा पत्ता एकाच उपकरणाशी बांधलेला नसतो. एक उपकरण बंद पडल्यास दुसरे तोच पत्ता धारण करते आणि संगणकांवर कोणताही बदल करावा लागत नाही.

इतिहास

सिस्को कंपनीच्या एचएसआरपी या अशाच नियमसंचाचे वर्णन मार्च १९९८ मध्ये आरएफसी २२८१ म्हणून प्रसिद्ध झाले. कोणत्याही उत्पादकाला वापरता येईल असे मानक म्हणून व्हीआरआरपी एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३३८ द्वारे मांडण्यात आला. २००४ च्या आरएफसी ३७६८ मध्ये त्यातील प्रमाणीकरणाची सोय काढून टाकण्यात आली. २०१० च्या आरएफसी ५७९८ ने तिसरी आवृत्ती आणली व आयपीव्ही६ चा समावेश केला. २०२४ च्या आरएफसी ९५६८ मध्ये 'मास्टर' ऐवजी 'अ‍ॅक्टिव्ह' ही संज्ञा स्वीकारण्यात आली.

कार्यपद्धती

प्रत्येक आभासी राउटरला १ ते २५५ मधील एक ओळख क्रमांक असतो. गटातील प्रत्येक उपकरणाला प्राधान्यांक दिला जातो. तो न दिल्यास १०० धरला जातो. सर्वाधिक प्राधान्यांकाचे उपकरण सक्रिय होते व इतर राखीव राहतात. आभासी पत्ता ज्या उपकरणाचा स्वतःचा प्रत्यक्ष पत्ता असेल, त्याचा प्राधान्यांक २५५ असतो.

सक्रिय उपकरण सामान्यतः दर सेकंदाला २२४.०.०.१८ या बहुप्रेषण पत्त्यावर सूचना संदेश पाठवते. हे संदेश थांबल्यावर राखीव उपकरण सूचना-कालावधीच्या तिप्पट वेळ व प्राधान्यांकानुसार ठरणारा अल्प विलंब इतके थांबते. प्राधान्यांक १०० असल्यास हा काळ सुमारे ३.६ सेकंद होतो. त्यानंतर ते आभासी आयपी पत्ता व त्याला जोडलेला आभासी मॅक पत्ता स्वतःकडे घेते. मॅक पत्ता तोच राहिल्याने संगणकांना बदल जाणवत नाही.

स्विचवरील मांडणी

राउटिंग करणाऱ्या स्विचवर व्हीआरआरपी प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्रपणे बसवला जातो. उदाहरणार्थ, बीड येथील जिल्हा मुख्यालयाच्या एखाद्या कार्यालयात दोन मुख्य स्विच आहेत असे मानल्यास, एका व्हीलॅनमध्ये त्यांना १०.१०.१०.२ व १०.१०.१०.३ हे पत्ते देता येतात. १०.१०.१०.१ हा आभासी पत्ता संगणकांना गेटवे म्हणून दिला जातो. पहिल्या स्विचचा प्राधान्यांक १२० व दुसऱ्याचा १०० ठेवल्यास पहिला सक्रिय राहतो. दुसऱ्या व्हीलॅनसाठी हे आकडे उलट ठेवल्यास दोन्ही स्विचवर भार विभागला जातो.

पहिला स्विच चालू असला, पण त्याची बाहेर जाणारी जोडणी तुटली, तर तो सूचना संदेश पाठवतच राहतो. म्हणून अनेक स्विचवर त्या जोडणीवर लक्ष ठेवून प्राधान्यांक घटवण्याची सोय असते. १२० मधून ३० वजा होताच तो ९० होतो आणि दुसरा स्विच ताबा घेतो. त्यासाठी दुसऱ्या स्विचवर 'प्रीएम्प्ट', म्हणजे अधिक प्राधान्यांक असल्यास ताबा घेण्याची मुभा, सुरू असावी लागते. तसेच ज्या व्हीलॅनसाठी जो स्विच सक्रिय असेल, तोच स्पॅनिंग ट्रीचा मूळ स्विच ठेवावा. अन्यथा संदेश दोन स्विचमधील जोडणीवरून अनावश्यक फेरा घेतात.

मर्यादा

दोन स्विचमध्ये संबंधित व्हीलॅन पोहोचत नसल्यास सूचना संदेश मिळत नाहीत. मग दोघेही स्वतःला सक्रिय समजतात व जाळ्यात गोंधळ होतो.

व्हीआरआरपी केवळ गेटवेतील बिघाडापासून संरक्षण देतो. भारत सरकारने २००५ मध्ये मंजूर केलेल्या राज्यव्यापी क्षेत्र जाळ्याच्या योजनेत राज्य मुख्यालय, जिल्हा व तालुका अशी जोडणीची उतरंड आहे. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. अशा रचनेत जिल्ह्याच्या ठिकाणचा संपर्क तुटल्यास त्यामार्गे जोडलेल्या तालुक्यांवरही परिणाम होतो. दोन्ही स्विच एकाच वीजजोडणीवर असतील, किंवा दोघांच्या बाह्य जोडण्या एकाच खंदकातील ऑप्टिकल फायबरमधून जात असतील, तर वीज जाताच किंवा खोदकामात ते फायबर तुटताच दोन्ही मार्ग एकदम बंद होतात. त्यामुळे वीज व बाह्य मार्ग वेगळे ठेवणे आणि सक्रिय स्विच मुद्दाम बंद करून ताबा बदलतो की नाही हे तपासणे आवश्यक ठरते.