काय वाचताय, असं विचारलं की आपण गप्प का होतो?

"रोज नगरपालिका आणि राजकारणावर लिहिता, कधी वाचलेल्या पुस्तकांवरही लिहा," असं तुमच्यापैकी काही जण अधूनमधून सांगता. वाचतो मी भरपूर. पानं लावून झाल्यावर रात्री तासभर, एसटीत, कधी कोर्टात बातमीची वाट बघत बसलो असताना. पण पुस्तकाचं नाव इथं टाकायचं म्हटलं की हात थांबतो. कारण मग चर्चा पुस्तकाची कमी आणि माझी जास्त होते. हा कुणाचा माणूस? कुठल्या बाजूचा? लेखकाचं आडनाव बघितलं की निकाल लागतो, पान उलटायचीही गरज पडत नाही.

हा संकोच माझ्या एकट्याचा नाही, आणि आजचाही नाही.

आपल्याकडे वाचन आधी चारचौघांतच व्हायचं. चातुर्मासात देवळात पोथी लागायची. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. १८८१ साली 'केसरी' निघाला, तोही कित्येक गावांत असाच एकानं वाचला आणि दहा जणांनी ऐकला. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण छापील पुस्तकं वाढली, रत्नागिरीला १८२८, नाशिकला १८४० आणि पुण्याला १८४८ साली वाचनालयं सुरू झाली, तसं एकट्यानं, मनातल्या मनात वाचणंही रुजत गेलं. आणि इतरांना प्रश्न पडू लागला : हा एकटाच बसून काय वाचतोय?

पहिला पहारा घरातलाच होता. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली झालं, वय अकरा. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं त्यांनी सोसलं. १९१० साली आलेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात हे सविस्तर आहे. नवरा न्यायाधीश होता, तरी बायकोच्या हातातलं पुस्तक घराला खुपत होतं!

दुसरा पहारा सरकारचा. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणं सक्तीचं झालं. काय छापलं जातंय ते सरकारला कळायला लागलं, कोण वाचतंय ते मात्र कळत नव्हतं. सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथावर तर छापून होण्याआधीच बंदी आली. १९०९ साली तो हॉलंडमध्ये छापला गेला आणि दुसऱ्याच पुस्तकांची वेष्टनं चढवून त्याच्या प्रती हिंदुस्थानात आल्या. बंदी उठली १९४६ साली. मधली सदतीस वर्षं तो लोकांनी वाचला, पण 'मी वाचला' असं उघड म्हणायची सोय नव्हती.

ते इंग्रजांचं राज्य होतं, असं म्हणून हा विषय संपत नाही. एल्गार परिषद प्रकरणात घरात सापडलेली पुस्तकं आणि कागदपत्रं पुरावा म्हणून मांडली गेली. त्यातल्या दोन आरोपींना २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. नुसतं साहित्य जवळ बाळगणं हा यूएपीएतल्या संबंधित प्रकरणांखाली आपोआप गुन्हा ठरत नाही, असं न्यायालयानं त्या वेळी सांगितलं. तोवर त्यांची जवळपास पाच वर्षं तुरुंगात गेली होती. त्या खटल्याबद्दल तुमचं मत काहीही असो. कपाटातल्या पुस्तकावरून माणूस ओळखायचा की नाही, हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरातला आहे.

मग गप्पच बसावं का? इथं मला कृष्णराव अर्जुन केळुसकर आठवतात. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा भरसभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे १९५६ साली नागपुरात काय घडलं ते आपण जाणतो. त्याची सगळी कारणं एका पुस्तकात शोधू नयेत, पण बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी या भेटीचा उल्लेख केला आहे. केळुसकरांनी मुलाची झडती घेतली नव्हती. त्याच्या वाचनात त्यांना रस होता, आणि मुलाला तो फरक कळला असणार.

आपल्या गावात नेमकं हेच कमी झालंय. वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर काही तरुण पोरं पुस्तकाचं नाव हळू आवाजात सांगतात, हे मी बघितलंय. पुस्तक मिळतं, पण त्यावर बोलायला कुणी मिळत नाही. बोललं की शिक्का.

म्हणून दोन गोष्टी मागतो. एक, कुणी कुठलं पुस्तक नेलं हे वाचनालयाच्या रजिस्टरबाहेर जाऊ नये. संचालक मंडळानं तसा साधा ठराव करावा, त्याला पैसा लागत नाही. दोन, कुणाच्या हातात आपल्याला न पटणारं पुस्तक दिसलं तर 'तू त्यांच्यातला का?' असं विचारू नका. 'काय लिहिलंय त्यात?' असं विचारा.

न सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मलाही आहे. पण भीतीपोटी गप्प बसणं वेगळं. येत्या वार्षिक सभेत पहिला मुद्दा मी मांडणार आहे. वर्गणीदार असाल तर या. नसाल, तर आधी वर्गणी भरा.