केडगावचे मुक्तिसदन : एका श्रद्धेचा इतिहास

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत आम्ही बहुधा आपले पूर्वज, दाते व गुणवंत ह्यांची चरित्रे वाचकांस सादर करीत असतो. यंदा मात्र अशा एका विदुषीचे कार्य सांगण्याचे योजिले आहे, की जिचे नाव निघताच एके काळी महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांत संताप उसळत असे. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आपल्यापैकी कोणाचे मत काहीही असो. त्या श्रद्धेने त्यांच्या हातून काय घडविले, हे शांतपणे पाहण्याइतका काळ आता लोटला आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, व त्याबद्दल लोकनिंदा सोसली. आईकडून ती विद्या मुलीस मिळाली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असता दक्षिणेतील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने मरण पावली. १८७८ साली बंधू श्रीनिवास ह्यांच्यासह रमाबाई कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची योग्यता जाणून ‘सरस्वती’ ही पदवी दिली. परंतु १८८० साली बंधू गेले, आणि त्याच वर्षी ज्यांच्याशी विवाह झाला ते बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली निवर्तले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. भूक, निराधारपण व वैधव्य ह्या तिन्ही गोष्टी रमाबाईंनी ग्रंथांतून नव्हे, तर स्वतःच्या देहावर वाचल्या होत्या.

१८८२ साली त्यांनी पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला, व पुढील वर्षी त्या इंग्लंडास गेल्या. तेथे एका प्रसंगाने त्यांच्या मनास वळण लागले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी लंडनमध्ये आपल्या आश्रयगृहात मायेने सांभाळीत होत्या. ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रीविषयी ही करुणा येते कोठून, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू व शोमरोनी स्त्री ह्यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र आपणांस त्या वेळी ख्रिस्ती धर्म लाभला, प्रत्यक्ष ख्रिस्त पुढे कित्येक वर्षांनी लाभला, असे त्यांनी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. त्यांची श्रद्धा उसनी नव्हती. मिशनरी गुरुजनांशीही त्यांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीसाठी वाद घातले.

अमेरिकेत मित्र मिळवून त्या परतल्या, व ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ह्या बालविधवा होत्या. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, व तेथे मुलींच्या जातिनियमांस बाध येऊ नये अशी व्यवस्था होती. संस्था पुण्यास आल्यावर १८९३ साली मोठे वादळ उठले. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली जाऊन बसू लागल्या होत्या. धर्मशिक्षण दिले जाणार नाही ह्या भरवशावर मुली धाडणाऱ्या पालकांस हा विश्वासभंग वाटला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. पालकांची तक्रार निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. तथापि, घरी नेलेल्या मुलींपुढे शिक्षणाची दुसरी वाट फारशी नव्हती, हेही तितकेच खरे.

ह्यानंतरचा भाग आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. भुकेने सांगाडा झालेल्या पोरीस जात विचारण्यास सवड कोठली? शारदासदनाचे दार ज्यांच्यासाठी नव्हते, त्या सर्व जातींच्या मुलींसाठी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. गुजरातेतील दुष्काळानंतर, १९०० साली, तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

ह्या वसतीने त्या माळरानाचे रूप पालटले. विहिरी खणल्या गेल्या, शेती व दूधदुभते सुरू झाले. मुली विणकाम, शिवणकाम, तेलघाणा व छापखान्याचे काम शिकल्या. अंध स्त्रियांसाठी बोटांनी वाचण्याची लिपी आली; संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निराळे झाले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळविणारे हात आश्रमातील स्त्रियांचेच होते. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला. मुक्तिसदनाचे कार्य आजही चालू आहे.

मुक्तिसदनात ख्रिस्ती उपासना उघडपणे चाले, व तेथील बहुतेक स्त्रिया ख्रिस्ती झाल्या. ज्यांना हे रुचत नाही, त्यांच्याशी वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न आपल्या घरचा आहे. रमाबाईंनीही आरंभ उच्चवर्णीयांच्या दुःखापासूनच केला होता. श्रद्धेने त्यांना तेथे थांबू दिले नाही. परिघाबाहेरचे दुःख दिसताच त्यांनी परीघच मोठा केला. ज्ञातिसंस्थाही आपल्या माणसांच्या अडचणीतून जन्म घेतात, व ते योग्यच आहे. परंतु आपल्या शिष्यवृत्त्या व वसतिगृहे ह्यांच्या नियमांत ‘ज्ञातीतील’ हा शब्द अखेरपर्यंत तसाच राहावा काय? निदान काही जागा कोणत्याही घरच्या निराधार मुलीसाठी ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. वार्षिक सभेत सभासद कुटुंबांनी, विशेषतः भगिनींनी, तिचा विचार करावा, ही नम्र विनंती.