बादशहाच्या झग्याची किनार

वाचकहो, युरोपच्या प्रवासात व्हिएन्ना शहरी उतरण्याचा योग आलाच, तर तेथील हॉफबुर्ग राजवाड्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. माझा मामेभाऊ तिकडे नोकरीला असल्यामुळे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हा योग लाभला. तेराव्या शतकात या राजवाड्याच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १९१८ साली हाब्सबुर्ग घराण्याची सत्ता संपेपर्यंत त्यात भर पडत गेली. त्यामुळे तो एक वाडा नसून वाड्यांचे गावच आहे. ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय त्यातच आहे, राष्ट्रीय ग्रंथालय त्यातच, आणि संग्रहालये तर अनेक.

बहुतेक प्रवासी सम्राज्ञी एलिझाबेथची दालने पाहण्यात दिवस घालवतात. ज्यांना हौस आहे त्यांनी तीही पाहावीत. मी अर्ध्या तासात तेथून बाहेर पडलो. तुम्ही मात्र चौकातील लाल रंगाचा ‘स्विस दरवाजा’ शोधा. त्यावर १५५२ हे साल रोमन अक्षरांत कोरलेले आहे. त्यातून आत गेले की शाही खजिन्याचे संग्रहालय लागते. तेथे दहाव्या शतकातील मुकुट आहे. तो गोल नसून आठ सोनेरी पट्ट्यांचा अष्टकोनी आहे. त्यासमोर नेहमीच गर्दी असते. पण जवळच मंद उजेडात, काचेआड पसरून ठेवलेला एक लाल रेशमी झगा आहे, त्याच्यापुढे थांबा.

झगा म्हटले तरी त्याला बाह्या नाहीत. खांद्यांवरून पांघरायचे ते अर्धवर्तुळाकार वस्त्र आहे. पसरले म्हणजे सव्वातीन मीटरांहून अधिक रुंद. मध्यभागी खजुराचे झाड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस तेच चित्र आरशातल्यासारखे उलटसुलट : सिंहाने उंटाला खाली दाबून धरले आहे. हे सारे जरीचे भरतकाम असून रेषा मोत्यांच्या सरींनी उठावदार केल्या आहेत. पवित्र रोमन साम्राज्याचे सम्राट कित्येक शतके राज्याभिषेकाच्या वेळी हा झगा पांघरीत असत. हा मान मिळालेला शेवटचा सम्राट दुसरा फ्रान्झ, साल १७९२.

आता त्याची खालची किनार पाहा. वरवर पाहता ती वेलबुट्टी वाटते, पण ती वेलबुट्टी नव्हे. ती अरबी अक्षरे आहेत, कूफी वळणाची, ताठ आणि कोनदार. लहानपणी मक्तबात गिरवलेली गोलसर अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून पाहिल्यास काहीच लागत नाही, आणि माझेही तसेच झाले. सोबतच्या पुस्तकात छापलेला मजकूर पुढे ठेवला, तेव्हा कुठे एकेक शब्द जुळू लागला. हे वस्त्र राजाच्या खजिन्यात, सिसिलीच्या राजधानीत, हिजरी ५२८ या वर्षी तयार झाले, असा त्याचा आशय आहे. मध्ये राजाला सुख, वैभव आणि दीर्घ यश चिंतिले आहे. विद्यार्थी मित्रांनो, त्यातले ‘खिज़ाना’ आणि ‘सना’ हे दोन शब्द तुम्ही रोज वापरता. आपला ‘खजिना’ आणि आपला ‘सन’ ते हेच. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते इसवी सनाशी तंतोतंत बसत नाही. म्हणून पुस्तकांत ११३३-३४ असे जोडसाल दिलेले आढळेल.

हा राजा म्हणजे दुसरा रॉजर. सिसिली बेटावर अरबांची स्वारी झाली ८२७ साली, आणि पुढे ते बेट दोन शतकांहून अधिक काळ मुसलमानी अंमलाखाली होते. उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन सरदारांनी १०७२ मध्ये पालेर्मो घेतले व १०९१ पर्यंत सारे बेट जिंकले. रॉजर ख्रिस्ती होता, ११३० मध्ये राजा झाला. परंतु त्याच्या दरबारात लॅटिन आणि ग्रीक यांबरोबर अरबीही चाले. अल्-इद्रीसी या भूगोलवेत्त्याने त्याच्याच आश्रयाने आपला ग्रंथ ११५४ साली पुरा केला. त्यात आपल्या ठाण्याचासुद्धा उल्लेख आहे! वस्त्राच्या किनारीवर मजकूर विणण्याची वा भरण्याची रीत मुसलमानी दरबारांची. आपल्या बखरींत खिलतीची वस्त्रे येतात ना, त्याच परंपरेतली. तेव्हा हा झगा रॉजरच्या स्वतःच्या राज्याभिषेकाचा, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तो त्यानंतर तीन वर्षांनी तयार झाला.

सिंह म्हणजे नॉर्मन राजा आणि उंट म्हणजे जिंकलेले अरब, असा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. काहींच्या मते हे आकाशातील नक्षत्रांचे चित्र आहे. पहिला अर्थ खरा असेल तर ज्यांनी सुई धरली त्यांच्या मनाला काय वाटले असेल? किनारीवर त्यांची नावे नाहीत. परंतु सुमारे पन्नास वर्षांनी, ११८४ च्या अखेरीस, अंदलूसचा प्रवासी इब्न जुबैर गलबत फुटून सिसिलीच्या किनाऱ्याला लागला. रॉजरचा नातू तेव्हा गादीवर होता. राजाची वस्त्रे सोन्याच्या तारेने भरणाऱ्या याह्या इब्न फितयान या मुसलमान कारागिराचा उल्लेख त्याने आपल्या प्रवासवर्णनात केला आहे. ज्यांनी हा झगा भरला, त्यांच्या धंद्यातील एका माणसाचे नाव असे योगायोगाने आपल्यापर्यंत पोहोचले.

पुढे रॉजरच्या मुलीचे जर्मन राजघराण्यात लग्न झाले. त्या नात्याने झगा तिकडे गेला. तिचा मुलगा दुसरा फ्रेडरिक १२२० साली रोममध्ये सम्राट झाला, तेव्हा त्याने हाच झगा पांघरला असे मानतात. त्याला अरबी येत होती असे इतिहासकार सांगतात. म्हणजे कदाचित ही किनार वाचू शकणारा तो शेवटचा सम्राट असेल. आणि याच फ्रेडरिकने सिसिलीतील बंडखोर मुसलमानांना बेटावरून उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर, लुचेरा गावी नेऊन बसवले. १३०० साली नेपल्सच्या राजाने ती वसाहतही मोडली व पुष्कळांना गुलाम म्हणून विकले. झगा मात्र जपला गेला. १४२४ पासून तो न्यूरेंबर्ग शहरात होता आणि लोक त्याला थोर शार्लमेनचा झगा समजून त्याचे दर्शन घेत. शार्लमेन मरण पावला ८१४ साली, म्हणजे झगा भरला जाण्याआधी तीनशेहून अधिक वर्षे! खरे साल किनारीवर सोन्याने लिहिलेले होते. अरबी जाणणाऱ्या विद्वानांनी ते अठराव्या शतकात लावले, तोवर पुष्कळांनी तिला नक्षीच मानले होते.

फ्रेंच सैन्य जवळ आले तेव्हा १७९६ मध्ये हा ठेवा न्यूरेंबर्गहून हलवण्यात आला व पुढे व्हिएन्नाला पोहोचला. १९३८ साली नाझींनी तो परत न्यूरेंबर्गला नेला. १९४६ मध्ये तो पुन्हा याच राजवाड्यात आला.

बाहेर पडल्यावर पाय दुखत असतील, तरी थोडी वेळ उरली असल्यास राजवाड्याच्या नव्या भागात जा. तेथे राष्ट्रीय ग्रंथालयाचे पपायरस संग्रहालय आहे. इजिप्तमध्ये सापडलेला, ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही लिपींतला एक कागद याच ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. त्यावर हिजरी २२ हे साल आहे, म्हणजे इसवी ६४३. हजरत उमर यांची खिलाफत तेव्हा चालू होती. झग्याच्या आधी जवळजवळ पाचशे वर्षांचा हा कागद. आणि यात ना जर, ना मोती. अरब सैन्याने स्थानिक अधिकाऱ्यांकडून घेतलेल्या पासष्ट मेंढ्यांची ती पोचपावती आहे.