क्लाउडच्या प्रदेशांची हजेरी

ॲमेझॉनची ‘ईसीटू’ ही भाड्याने सर्व्हर देणारी सेवा २५ ऑगस्ट २००६ रोजी मोजक्या ग्राहकांना चाचणीसाठी खुली झाली. तिच्याशी व्यवहार करायचा तो कोडमधूनच. सर्व्हर सुरू कर, बंद कर, चालू असलेल्यांची यादी दे, अशा विनंत्या वेबवरून पाठवायच्या आणि एक्सएमएलमध्ये आलेले उत्तर वाचायचे. हे सर्व्हर कुठे आहेत, असे विचारणारी विनंती मात्र त्यांत नव्हती, कारण विचारण्यासारखे काही नव्हते. सगळी यंत्रे अमेरिकेच्या उत्तर व्हर्जिनियात होती. वॉशिंग्टनलगतच्या या पट्ट्यात १९९२ पासून ‘मे-ईस्ट’ हे इंटरनेटच्या जाळ्यांना एकमेकांशी जोडणारे केंद्र चालत होते. ऑप्टिकल फायबर मुबलक होती, आणि पुढे ॲशबर्न गावाभोवती डेटा सेंटरांची वसाहतच उभी राहिली. गंमत अशी की ईसीटू घडली ती अमेरिकेत नव्हे; क्रिस पिंकहॅम यांच्या गटाने ती दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनमध्ये बसून लिहिली.

एका भौगोलिक भागातल्या डेटा सेंटरांच्या समूहाला ॲमेझॉन ‘प्रदेश’ म्हणते. ईसीटूत प्रदेशांआधी झोन आले. मार्च २००८ मध्ये ॲमेझॉनने ‘अव्हेलेबिलिटी झोन’ ही कल्पना आणली. झोन म्हणजे एक किंवा अनेक डेटा सेंटरांचा असा गट, की ज्याची वीज, थंडावा आणि जाळे शेजारच्या गटापासून वेगळे असते. एका झोनची वीज गेली तरी दुसरा चालू राहावा इतके ते लांब, आणि एकातून दुसऱ्यात माहिती जाताना वेळ जाणवू नये इतके जवळ. एका प्रदेशातले झोन परस्परांपासून १०० किलोमीटरच्या आत असतात, असे कंपनी सांगते. या कल्पनेबरोबर ‘डिस्क्राइब अव्हेलेबिलिटी झोन्स’ ही विनंती जन्माला आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ईसीटू आयर्लंडमध्ये पोहोचली, आणि एकाहून अधिक प्रदेश झाल्यामुळे ‘डिस्क्राइब रीजन्स’ ही दुसरी विनंती आवश्यक झाली. उत्तरात प्रत्येक प्रदेशाचे सांकेतिक नाव आणि त्याचा वेबपत्ता एवढेच येई. शहराचे नाव तेव्हा येत नव्हते.

ही विनंती पहिल्यापासून एका पेचात अडकलेली आहे. ती पाठवायची तर कोणत्या तरी प्रदेशाच्या पत्त्यावरच पाठवावी लागते. सगळे प्रदेश कोणते हे विचारण्याआधी निदान एक प्रदेश ठाऊक असायला हवा! सेटिंगमध्ये प्रदेश लिहिलेला नसेल तर ॲमेझॉनशी बोलणारी पायथनची लायब्ररी आधी प्रदेश सांगा म्हणून अडून बसते. नवशिक्याला पहिला धक्का बहुधा इथेच बसतो, आणि उपाय म्हणून जवळजवळ प्रत्येक जण व्हर्जिनियाचे ‘यूएस-ईस्ट-१’ हे नाव लिहून मोकळा होतो.

व्हर्जिनिया एके काळी एकटीच होती, याच्या खुणा कोडमध्ये जागोजागी राहिल्या आहेत. ॲमेझॉनच्या ‘एसथ्री’ या साठवण-सेवेत फायलींच्या पेटीला ‘बकेट’ म्हणतात. एखादी बकेट कोणत्या प्रदेशात आहे असे विचारले आणि ती व्हर्जिनियात असली, तर उत्तर रिकामे येते. नावाची गरजच नव्हती त्या काळातले हे मौन आजतागायत तसेच आहे. उलट, बकेट तयार करताना ठिकाण म्हणून आवर्जून ‘यूएस-ईस्ट-१’ लिहिले, तर ती विनंती नाकारली जाते. आयर्लंडमधल्या जुन्या बकेटांचे उत्तर नुसते ‘ईयू’ असे येते, कारण एसथ्री २००७ मध्ये तिथे गेली तेव्हा युरोपात दुसरा प्रदेश नव्हता. बिलातही हेच दिसते. इतर प्रदेशांच्या नोंदींपुढे आद्याक्षरे असतात. मुंबईच्या नोंदीपुढे ‘एपीएस३’ असते. व्हर्जिनियाच्या अनेक नोंदींपुढे काहीच नसते. वीस वर्षांपूर्वीचे असले निर्णय बदलता येत नाहीत, कारण त्यांवर विसंबलेला जगभरचा कोड एका रात्रीत मोडेल. प्रदेशांवर काम करणाऱ्या प्रत्येक गंभीर प्रोग्राममध्ये त्यामुळे ‘उत्तर रिकामे आले तर व्हर्जिनिया समजा’ अशा अर्थाची एक ओळ असतेच.

यादी पुढे भराभर वाढली. २००९ मध्ये उत्तर कॅलिफोर्निया, २०१० मध्ये सिंगापूर, २०११ मध्ये टोकियो, ओरेगॉन आणि साओ पाउलो, २०१२ मध्ये सिडनी, २०१४ मध्ये फ्रँकफर्ट. मुंबई २७ जून २०१६ रोजी दोन झोनांसह आली आणि तिसरा झोन तिला २०१९ मध्ये मिळाला.

सुरुवातीला ही यादी आणणारी साधने जावात लिहिलेली आणि संथ होती. मिच गारनाट यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘बोटो’ या पायथन लायब्ररीने हे काम दोन ओळींवर आणले. ॲमेझॉन नदीत राहणाऱ्या डॉल्फिनला ‘बोटो’ म्हणतात, त्यावरून हे नाव. प्रदेशांची यादी आणायची, तिच्यावर लूप फिरवायचा, प्रत्येक प्रदेशाशी नवे कनेक्शन जोडायचे आणि त्याला झोन विचारायचे, ही रीत तेव्हाच रुळली. २०१५ मध्ये ‘बोटो-३’ स्थिरावली तरी रीत तीच राहिली. झोन सांगण्याचे काम ॲमेझॉनने प्रत्येक प्रदेशावर सोपवले आहे. एक प्रदेश दुसऱ्याच्या वतीने बोलत नाही. बोटोमध्ये याखेरीज एक आळशी वाटही आहे. लायब्ररीबरोबरच येणाऱ्या एका फाइलमधून, ॲमेझॉनला काहीही न विचारता, यादी मिळते. ती झटपट येते. पण लायब्ररी जुनी असली की यादीही जुनी, आणि नवा प्रदेश तिच्या गावीही नसतो.

झोन विचारणारी विनंती किती मोलाची आहे ते २१ एप्रिल २०११ रोजी कळले. व्हर्जिनियात जाळ्यातला एक बदल करताना रहदारी चुकून कमी क्षमतेच्या मार्गावर वळली. एका झोनमधल्या असंख्य डिस्कांचा त्यांच्या प्रतींशी संपर्क तुटला, आणि संपर्क परतताच त्या सगळ्या एकाच वेळी नव्या प्रतीसाठी जागा शोधू लागल्या. रेडिट, क्वोरा, फोरस्क्वेअर कोलमडले. सर्व्हर एकाच झोनमध्ये ठेवणाऱ्यांचे हाल झाले. पण मोकळ्या जागेसाठीची ही धडपड प्रदेशभरच्या सामायिक नियंत्रण-यंत्रणेलाही भोवली आणि शेजारचे झोनही काही काळ अडखळले. झोन परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत हे सांगण्यापुरतेच खरे होते. तीन झोनांत पसरलेले नेटफ्लिक्स त्या दिवशी तरले. त्याच वर्षीच्या जुलैत या कंपनीने ‘केऑस गोरिला’ या प्रोग्रामची माहिती दिली. एक अख्खा झोन बंद पडल्याचे सोंग आणायचे आणि बाकीचे झोन भार पेलतात का ते पाहायचे, हे त्याचे काम.

झोनच्या नावांत आणखी एक मेख होती. यादी आली की माणूस पहिले नाव उचलतो. सगळ्यांनीच ‘यूएस-ईस्ट-१ए’ निवडले असते तर तो झोन तुडुंब भरला असता आणि बाकीचे ओस पडले असते. म्हणून ॲमेझॉनने प्रत्येक खात्यासाठी नावांच्या शेवटची ही अक्षरे वेगवेगळी पिसली. एका खात्याचा ‘ए’ हा दुसऱ्याचा ‘सी’ असू शकतो. एकाच कंपनीच्या दोन खात्यांतले सर्व्हर दोन्हीकडे ‘ए’ लिहिलेले असूनही वेगळ्या इमारतींत निघत, आणि त्यांच्यातल्या रहदारीला झोन ओलांडल्याचे शुल्क लागे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अनेक खात्यांनी एकच जाळे वाटून घेण्याची सोय आली, आणि ही लपवाछपवी पुढे चालवणे अशक्य झाले. तेव्हापासून उत्तरात ‘यूएसई१-एझेड१’ अशा धाटणीचा कायमचा ओळखक्रमांक मिळू लागला, जो सगळ्या खात्यांत सारखाच असतो. खरे तर तो दहा वर्षे आधीच यायला हवा होता.

मार्च २०१९ नंतर यादीचे स्वरूपच बदलले. त्या वर्षीच्या एप्रिलात सुरू झालेल्या हाँगकाँगपासून पुढचे प्रदेश मुळात बंद असतात. ग्राहकाने मागितल्यावरच ते त्याच्या खात्याला उघडतात. ‘डिस्क्राइब रीजन्स’ला काही वेगळे न सांगता विचारले, तर फक्त उघडलेल्या प्रदेशांची नावे येतात. सगळी हवी असतील तर तसा पर्याय जोडावा लागतो, आणि मग प्रत्येक नावाशेजारी ते उघडलेले आहे की नाही हा शेरा येतो. तरीही चीनमधले प्रदेश आणि अमेरिकी सरकारसाठी राखलेले प्रदेश सामान्य खात्याला दिसत नाहीत, कारण त्यांची खातीच वेगळी. ईसीटू जिथे लिहिली गेली त्या केप टाउनमध्ये ॲमेझॉनचा प्रदेश एप्रिल २०२० मध्ये उघडला. तो या नियमानंतरचा असल्याने नव्या खात्याच्या साध्या यादीत त्याचे नाव येत नाही.

झोनच्या यादीतही पाहुणे शिरले. डिसेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसला पहिला ‘लोकल झोन’ सुरू झाला. तो मोठ्या शहराजवळ ठेवलेला, मोजक्याच सेवा देणारा छोटा झोन असतो. ग्राहकाने तो उघडला की तोही नेहमीच्या झोनांच्या रांगेत येऊन बसतो. ‘टेराफॉर्म’सारख्या साधनांनी यादी वाचून तिच्यावरून जाळी उभारणाऱ्यांना हे महागात पडू शकते. रांगेतली नावे सरकली की साधनाला रचना बदलल्यासारखी वाटते आणि ते धडधाकट जाळे मोडून नव्याने बांधायचा बेत पुढे करते. झोनचा प्रकार तपासून गाळणी लावणे हा यावरचा उपाय.

इतर कंपन्यांनी आपापल्या तऱ्हा आणल्या. गूगलच्या ‘जीक्लाउड’ या साधनाला झोनांची यादी मागितली की जगभरचे झोन एकाच उत्तरात येतात, प्रदेशागणिक फिरावे लागत नाही. तिथल्या बेल्जियमच्या प्रदेशात बी, सी आणि डी आहेत, ए नाही. त्यामुळे ‘ए’ गृहीत धरणारा कोड तिथे हमखास आपटतो. नावांचे तर्कशास्त्रही ज्याचे त्याचे. मुंबई ॲमेझॉनला आणि गूगलला आशियाचे दक्षिण टोक वाटते, मायक्रोसॉफ्टला पश्चिम भारत. ओरॅकलने सरळ शहराचे नाव घातले, ‘एपी-मुंबई-१’. तेच सर्वांत शहाणपणाचे.

भारतात या यादीला कायद्याचेही वजन आले. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी पेमेंट व्यवहारांची माहिती फक्त भारतातच साठवण्याचा आदेश दिला आणि सहा महिन्यांची मुदत घातली. ॲमेझॉनकडे त्या वेळी भारतात मुंबई हा एकच प्रदेश होता. हैदराबादचा प्रदेश नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. दरम्यानच्या काळात प्रदेशांवर फिरणाऱ्या लूपला एक नवे काम लागले. भारताबाहेरच्या एखाद्या प्रदेशात चुकून काही सुरू राहिले आहे का, हे हुडकायचे. त्यासाठी यादी पूर्ण असणे भाग होते.

मायक्रोसॉफ्टचे भारतातले तीन प्रदेश त्याआधीच, २०१५ मध्ये, पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे आले होते. ‘अझूर’ या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला प्रदेशांची यादी मागितली तर तिच्यात शहराचे नाव येते, जोडीचा प्रदेश येतो आणि अक्षांश-रेखांशही येतात. पुण्याचे नाव तिथे ‘सेंट्रल इंडिया’ असे आहे. त्याचे अक्षांश १८.५८२२ आणि रेखांश ७३.९१९७ नकाशावर टाकले, तर बोट पडते ते लोहगावच्या विमानतळावर.